उजवीकडची सीट

लेकीच्या हळदीच्या दिवशी बापाने कुठे असावं? मांडवात असावं, पाहुण्यांची विचारपूस करावी, नाहीतर आचाऱ्याच्या मागे लागून आमटीत मीठ किती पडलं हे तरी बघावं. भागोजी रामाणे सकाळपासून गाडीखाली होता. घरापुढच्या खळ्यात बायकांची गाणी रंगली होती आणि फणसाच्या सावलीत उभ्या असलेल्या त्या लांबलचक गाडीखालून त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते. बायको राही त्या पायांशी बोलून गेली, बहीण सोनूबाई बोलून गेली. शेवटी नवरी मुलगी बकुळा पिवळ्याधमक अंगाने तिथे आली आणि म्हणाली, "बाबा, भायर ये. गाडीचा लगीन नाय, माझा हाय."

भागोजी बाहेर आला, पण मांडवात काही गेला नाही. झाडूचा एक हीर घेऊन तो गाडीच्या छपराच्या कोपऱ्यातलं भोक कोरत बसला. माणसाच्या जिवाला घोर लागला की त्याचे हात असंच काहीतरी शोधतात. त्याचा घोर काय होता हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या बकू जाणार होती, आणि बकूच्या मागोमाग गाडीही जाणार होती.

गाडी साधीसुधी नव्हती. स्टुडबेकर वॅगनेअर, त्रेसष्ट सालची. तेव्हा, म्हणजे पंच्याऐंशी साली, रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वेचा रूळ औषधालाही नव्हता, आणि मालगुंडच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, असलेल्या एका वाडीत चक्क स्टेशन वॅगन उभी होती. भागोजी मुंबईत एका अमेरिकन साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेबाने गाडी बोटीतून आणवली होती. मायदेशी परतताना ती पुन्हा बोटीत चढवायचा त्याला कंटाळा आला आणि त्याने ती भागोजीच्या गळ्यात मारली. बनवणाऱ्या कंपनीने तोवर मोटारी बनवणंच सोडून दिलं होतं. दुसरा कुणी असता तर सुटे भाग कुठून आणायचे म्हणून रडत बसला असता. भागोजीला मात्र त्याचाच तोरा. "हिच्यासारखी दुसरी या मुलखात नाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खरंच होतं म्हणून कुणाला काही बोलता यायचं नाही.

तिच्या तऱ्हा किती सांगाव्यात! तिचं मागच्या बाजूचं छप्पर पुढे सरकायचं. तिकडे म्हणे लोक त्यातून फ्रिज उभेच्या उभे न्यायचे. इकडे त्यातून लग्नातली लोखंडी कपाटं गेली, तीही आरसा बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे जाकादेवीच्या बाजारातल्या माणसाला गाडी जाताना स्वतःचं तोंड दिसावं. पावसात तेच छप्पर गळायचं. पाणी वाहून जावं म्हणून चार कोपऱ्यांत नळ्या ठेवलेल्या होत्या, पण ज्याने त्या ठेवल्या त्याला आंब्याचा मोहोर आणि फणसाचा पाला कुठला माहीत असणार? म्हणून तो झाडूचा हीर. मागचा फाळका उघडायचा तर आधी काच खाली फाळक्यात उतरवावी लागे. कुणी उलट क्रमाने ओढाओढ केली की भागोजी असा ओरडायचा की माडावरचे कावळे उडायचे. बरं, ती काच उघडी ठेवून गाडी हाकली तर सायलेन्सरचा सगळा धूर आत. त्यापेक्षा काच बंद करावी आणि छप्पर उघडावं, असा त्याने तोडगा काढला होता. आणि चढावर तर तिची कमाल होती. क्लच दाबून ठेवला की ब्रेकवरचा पाय उचलला तरी ती मागे घसरायची नाही. घाटात लॉऱ्यांचे क्लीनर चाकाखाली दगड घालायला धावत असताना भागोजी पाय मोकळा करून विडी पेटवायचा आणि सगळ्यांकडे बघायचा.

पण वाडीतल्या पोरींना या कशाचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव होता सगळ्यात मागच्या सीटवर. ती सीट उलटी होती. तिच्यावर बसलं की तोंड मागे, रस्त्याकडे. भागोजीने पहिली नवरी पोचवली, ती पुढे जागा नव्हती म्हणून तिथे बसली, आणि माहेरी परत आल्यावर तिने मैत्रिणींना सांगितलं की घर, आई, खळ्यातली तुळस, सगळं सड्याच्या वळणापर्यंत दिसत राहतं. त्यानंतर वाडीतली एकही मुलगी दुसऱ्या गाडीने सासरी गेली नाही. पुढे तो रिवाजच झाला. बाकीच्या गाड्यांतून नवऱ्या मान वळवून वळवून रडत जायच्या, आमच्या पोरी समोर बघून रडायच्या.

आता राहिली एकच तऱ्हा, आणि घोर होता तो तिचाच. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. पुढे एसटी असली, लॉरी असली, तर भागोजीला समोरचा रस्ता दिसायचाच नाही. उजवीकडे बसलेल्याने डोकं बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, थांब की जा. साहेबाच्या वेळी साहेबच सांगायचा. गावी आल्यावर दहा वर्षांची बकू त्या सीटवर बसली ती बसलीच. "जाऊ?" असं भागोजीने विचारायचं आणि बकूने सांगायचं. पोरगी शाळेत होती तेव्हाही आणि पदर घ्यायला लागली तेव्हाही. भागोजी स्वभावाने असा की त्याला कुणाच्या मागे राहणं म्हणजे अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं. समोर गाडी दिसली की त्याचा गुडघा हलायला लागायचा. राही बरोबर असली की मधल्या सीटवर, बरोब्बर बकूच्या मागे बसायची. आरशात बघितलं की भागोजीला तिचा डोळ्यांवर ओढलेला पदर दिसायचा, आणि एक हात पुढे, बकूच्या खांद्यावर, गच्च धरलेला. "भित्री," असं म्हणून तो हसायचा.

पावसाळ्यापूर्वी बकूचं लग्न करायचं ठरलं तेव्हा त्याच राहीने सांगितलं, "बकू गेली की गाडी जाऊ दे. तुमचा डोळा गेल्यावर तुमी कुणाच्या तरी अंगावर घालाल. मला कपाळ पुसायचा नाय."

भागोजीने खूप आरडाओरडा केला आणि शेवटी शब्द दिला. गिऱ्हाईक तयारच होतं. मुंबईचे दस्तूरशेट गणपतीपुळ्याला आले होते तेव्हा त्यांनी ही गाडी देवळाबाहेर बघितली आणि दर्शन राहिलं बाजूला, पांढऱ्या पॅन्टीनिशी सरळ गाडीखाली शिरले. दोघांनी ती आख्खी दुपार छप्पर उघडबंद करण्यात घालवली. भागोजीला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. पण निघताना दस्तूरशेट म्हणाले, "हिला मी शेडमध्ये ठेवीन, वर चादर घालीन. रस्त्यावर काढायचीच नाही, बघा तुम्ही." ते त्यांनी मोठ्या मायेने सांगितलं, पण भागोजीच्या मनात आलं, जी गाडी हलत नाही ती गाडी कसली?

दस्तूरशेट लग्नानंतरच्या रविवारी गाडी न्यायला येणार होते.

लग्न दारात लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीच्या वेळी पुन्हा एक वाद निघाला. मुलीचा बाप सासरी पोचवायला जात नाही, वेशीपासून मागे फिरतो, असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. भागोजी तोवर स्टिअरिंगवर बसलाही होता.

"वाडीतल्या सगळ्या पोरी मी पोचवल्या," तो खिडकीतून म्हणाला, "आणि माझी दुसऱ्याने न्यायची? असा कसा?"

बकू मागच्या उलट्या सीटवर बसली, शेजारी पाठराखीण म्हणून सोनूबाई. मधल्या सीटवर नवऱ्याकडची दोन म्हातारी माणसं. आणि पुढे, मानाची जागा म्हणून, उजवीकडे नवरा मुलगा रघू. रघू दापोलीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरीला होता. गुणी मुलगा. आंब्याच्या कलमाशीसुद्धा तो हळू आवाजात बोलत असावा. छप्पर उघडं होतं, काच बंद होती. राही फाळक्याजवळ उभी राहिली, काचेला हात लावला, आणि गाडी हलली.

भागोजीने आरशात बघितलं. आजवर त्याने आरशात बघितलेल्या सगळ्या नवऱ्या पाठमोऱ्या होत्या, आजचीही तशीच होती. शेवंतीची वेणी दिसत होती, आणि तिच्यापलीकडे काचेत लहान होत चाललेली राही. सड्याचं वळण आलं आणि राही दिसेनाशी झाली. बकूचे खांदे हलायला लागले. भागोजीने गिअर उगाचच खाली टाकला आणि वर टाकला.

निवळीला हमरस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे लग्नसराईची गर्दी. संगमेश्वरच्या अलीकडे एक टेम्पो आडवा आला आणि भागोजीचा गुडघा हलायला लागला.

"जाऊ?" त्याने सवयीने विचारलं.

रघूने अदबीने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं, मामा."

"अवो, मला दिसत नाय. तुमी बघून सांगा."

रघूने मान बाहेर काढली, आत घेतली. "हरकत नसावी," तो म्हणाला. भागोजीने गाडी बाहेर काढली तर समोरून बैलगाडी. परत आत घातली. पुढच्या वेळी रघू म्हणाला, "आता जायला काही नाही, पण थांबलो तरी चालेल." जावयाला शिव्या देता येत नाहीत, ही त्या दिवशी भागोजीची सगळ्यात मोठी अडचण होती. चिपळूण येईपर्यंत त्याने ओठ चावून चावून सोलून काढले. ऊन कलायला लागलं होतं. दिवेलागणीच्या आत सुनेने माप ओलांडायला हवं, असा रघूच्या आईचा निरोप होता, आणि मागची म्हातारी माणसं दर पाच मिनिटांनी सूर्याकडे बघत होती.

परशुराम घाटात जांभ्याचे चिरे भरलेली एक लॉरी पुढे आली. पहिल्या गिअरमध्ये कण्हत, काळा धूर ओकत ती चढत होती. भागोजीचा सगळा डावा पाय थरथरत होता. खाली वाशिष्ठी चमकत होती, तिकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

"जाऊ?"

"जा, मामा," रघू म्हणाला. त्यालाही आता घरी पोचायचं होतं, आणि सासऱ्याला सारखं थांबवायचा त्याला संकोच वाटत होता.

भागोजीने गाडी उजवीकडे काढली आणि समोर एसटी. लाल, भरलेली, उतारावरून सुसाट. सोनूबाई उलटी बसली होती, तिला काहीच दिसलं नाही, तरी सगळ्यांत मोठ्याने तीच किंचाळली. भागोजीने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, लॉरीच्या फाळक्याला नाक लागता लागता राहिलं. एसटी हॉर्न वाजवत बाजूने गेली. त्याच वेळी पुढची लॉरी चढावर दमून थांबली, आणि गाडीही थांबली. क्लच दाबलेला होता, म्हणून ती जागची हलली नाही. रघूचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला वाटलं वेळ आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

भागोजीला वाटलं, राही म्हणाली होती तेच झालं असतं, आणि तेही लेक गाडीत असताना. हात स्टिअरिंगवर होते, पण ते आपले नव्हेतच असं त्याला वाटत होतं. वय झालं, डोळा गेला, गाडी शेडमध्ये जाते तेच बरं, असं सगळं एकदम त्याच्या मनात आलं.

मागे काहीतरी धडपडलं. सोनूबाई ओरडली, "अगो बस खाली! नवरी तू!"

बकू सीटवर उभी राहिली होती. उघड्या छपरातून तिचं कमरेपासून वरचं सगळं अंग बाहेर होतं. ती उजव्या कडेला सरकली, छपराची कड धरली आणि तोंड पुढे वळवलं.

"बाबा," वरून तिचा आवाज आला, "त्येंना नको विचारू. मला विचार."

भागोजीने आरशात बघितलं. त्याला ती दिसत नव्हती, नुसता शालूचा काठ दिसत होता. लॉरी पुन्हा हलली. त्याने क्लच सोडला.

"जाऊ?" त्याने विचारलं.

"थांब."

एक मोटारसायकल गेली.

"जाऊ?"

"थांब. वळण हाय. थांब... थांब रे." मुंडावळ्या वाऱ्यावर फडफडत होत्या, वेणीतली शेवंती मागच्या काचेवर पडत होती. समोरून येणाऱ्या दुसऱ्या एसटीतली माणसं खिडक्यांतून माना काढून ती छपरावर उगवलेली नवरी बघत होती. एकाने तर टोपी काढून हलवली. ती एसटी गेली, वळण सुटलं.

"जा, बाबा! जा!"

भागोजी गेला. लॉरीच्या बाजूने, धुरातून, मोकळ्या रस्त्यावर. त्याला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं, आणि जावयासमोर नको म्हणून दोन्ही त्याने गिळलं. घाट संपेपर्यंत बकू तशीच उभी होती, तोंड पुढे करून. माहेराकडे बघत जायची सीट तिला मिळाली होती खरी, पण अर्धी वाट तिने सासरकडे बघत काढली. खाली बसली तेव्हा सोनूबाई म्हणाली, "लाज हाय का काय तुला?" आणि तिची विस्कटलेली वेणी नीट करत राहिली.

दापोलीच्या अलीकडे रघूच्या गावात पोचले तेव्हा अजून उजेड होता. माप ओलांडलं गेलं. मांडवात पानं मांडली, सरबत आलं. भागोजी आत गेला नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. आग्रह करणाऱ्यांना त्याने हात जोडले आणि तो गाडीत जाऊन बसला. दिवसभराच्या उन्हाने त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

थोड्या वेळाने बकू आली. डोक्यावरून पदर, आणि चालही बदललेली. एवढ्यातच कशी बदलली कोण जाणे. तिने उजवीकडचं दार उघडलं, आपल्या सीटवर बसली आणि पायाशी ठेवलेला पत्र्याचा डबा उचलला. रेडिएटरसाठी भागोजी तो घरच्या विहिरीवरून भरून आणायचा.

"पी," ती म्हणाली. "पाणी आपल्या बावीचा, गाडी आपली. हितं कुणाचा घर नाय."

भागोजी प्याला. पाणी गरम झालं होतं आणि त्याला पत्र्याचा वास होता. त्याने डबा खाली ठेवला.

"रविवारी दस्तूरशेट येतोय," तो म्हणाला. "बरा झाला. तू नाय तर कोण सांगणार?"

"आये."

"आयस? ती डोळे मिटून बसते."

"मिटत नाय, बाबा." बकूने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "तुला पदर दिसतो. पदराच्या आडून ती खिडकीतून बघत असते. मी दहा वर्षांची होती, मला काय कळणार? तिने खांदा एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की जा. मी नुसती बोलायची." तिने त्याचा खांदा एकदा दाबला, मग दोनदा. "पुढं माझा मला दिसायला लागला, पण हात तिचा तसाच असायचा. आज तो नव्हता तर मला आधी भ्या वाटला."

आतून कुणीतरी नव्या सुनेला हाक मारली. बकू उतरली. दार लावताना ती म्हणाली, "जाताना कुणाच्या मागं सापडलास तर मागंच रव. माझ्या गळ्याची आण हाय."

ती रात्र भागोजीने खेडच्या एसटी स्टँडाबाहेर गाडीतच काढली. सकाळी रत्नागिरीची एसटी सुटली आणि तो तिच्या मागे लागला. मागेच राहिला. परशुराम घाट उतरला, चिपळूण गेलं, तरी तो मागेच. गुडघा हलत होता, मुंग्या येत होत्या, पण त्याने एकदाही गाडी बाहेर काढली नाही. डोक्यात मात्र सारखा तो पदर होता. किती वर्षं आरशात बघून आपण हसलो! आणि त्या पदराने आपल्याला किती वेळा जिवंत घरी आणलं? संगमेश्वरला एसटी थांबली तेव्हा तिचा ड्रायव्हर उतरून तरातरा आला.

"काय हो, केव्हापासून हात दाखवतोय, पुढे जा म्हणून! जात का नाही?"

"दिसला नाय," भागोजी म्हणाला. "माझ्या बाजूने दिसत नाय."

ड्रायव्हर गाडीकडे, मग त्याच्याकडे बघत राहिला आणि मान हलवून चहाला गेला.

घरी पोचला तेव्हा मांडवावरचे माडाचे झाप उतरवून झाले होते. राही खळ्यात शेजारपाजारून मागून आणलेली भांडी वेगळी करत होती.

"पोचली?"

"पोचली."

तिने भांड्यावरची नजर काढली नाही. "कुणाच्या अंगावर घातलीत नाय ना?"

"चल," भागोजी म्हणाला. "पुळ्याला नारळ ठेवून येऊ."

नारळ घेऊन राही आली आणि सवयीने मधल्या दाराकडे वळली. भागोजीने पुढचं उजवीकडचं दार उघडून धरलं होतं. ती जागच्या जागी थांबली. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"बकीने सांगितलान."

"तू का नाय बोललीस कधी?"

"माझा ऐकला असतात?"

नसतं ऐकलं. बायकोने थांबा म्हटलं असतं तर मुद्दाम गाडी पुढे दामटली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तिचा खांदा होता तवर माझा चालला," राही म्हणाली. "आता मी हात कशावर ठेवू? म्हणून म्हटला, गाडी जाऊ दे."

"बस तरी."

ती बसली, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी. सडा उतरला. मालगुंडच्या पुढे आंब्याच्या पेट्या भरलेला एक टेम्पो रस्ता अडवून रमतगमत चालला होता. भागोजीचा गुडघा हलायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने राहीला हे कधी विचारलंच नव्हतं.

"जाऊ?"

राहीने पदर मागे सारला. मान खिडकीबाहेर काढली. वाऱ्याने तिचे पिकलेले केस उडाले.

"थांबा."

तो थांबला. पुढून एक जीप गेली. टेम्पोच्या मागे पेंढ्याचा आणि पिकल्या आंब्याचा वास येत होता.

"राही," तो म्हणाला, "रविवारी दस्तूरशेट येईल. काय सांगू? देऊ गाडी?"

राहीने मान आत घेतली नाही. डोळे रस्त्यावरच होते. तिने हात मात्र मागे केला, चाचपडत भागोजीचा खांदा शोधला आणि एकदाच दाबला.

भागोजी टेम्पोच्या मागे राहिला. वळण आलं, गेलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपला गुडघा हलत नाही.